उभ्या गाडीचे पाय

लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर. इंदूरच्या या वस्त्यांमधून दुपारी एक चक्कर मारली की पोर्चमध्ये एक ठरावीक गाडी दिसते. आठ-नऊ वर्षांची, पांढरी नाहीतर चंदेरी, अंगावर कापडी कव्हर, कव्हरावर कडुनिंबाची पानं आणि एखादं मांजर. मीटरवर जेमतेम वीस-बावीस हजार किलोमीटर. मुलं पुण्याला, बंगलोरला, नाहीतर त्याहून लांब. काका भाजी आणायला स्कूटरवर जातात. गाडी बाहेर निघते ती लग्नकार्याला, दवाखान्याला आणि मे महिन्यात नाशिक-पुण्याला. टायर पाहून शेजारी म्हणतात, "हे तर नवेच आहेत की!" नक्षी खरोखरच भरपूर शिल्लक असते. टायर मात्र संपलेले असतात.

टायर झिजून संपतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण ते दिसतं. "टायरचा गोटा झालाय" हे रस्त्यावरून जाणारा पोरगाही सांगतो. न झिजता संपलेला टायर ओळखायला गुडघ्यांवर बसावं लागतं, आणि पोर्चमधल्या गाडीपुढे असं कोणी बसत नाही.

टायरचं रबर म्हणजे गंधकाने एकमेकांत गुंतवलेल्या लांबलचक साखळ्या. हवेतला ऑक्सिजन या गुंत्यात वर्षानुवर्षं नवे टाके घालत राहतो, त्यामुळे रबर कडक होतं. ओझोन साखळ्या तोडतो, त्यामुळे ते तडकतं. यावर उपाय म्हणून कारखान्यातच रबरात मेण आणि ओझोनला तोंड देणारी रसायनं मिसळलेली असतात. चाक फिरतं, टायर दबतो आणि सुटतो, तशी ती आतून झिरपत पृष्ठभागावर येतात आणि पातळ थर धरतात. कधी कधी टायरवर जी तपकिरी झाक दिसते आणि जी आपण ब्रशने घासून काढतो, ती याच रसायनांची. उभ्या गाडीत हे झिरपणं मंदावतं, ऊन मात्र आपलं काम रोज वेळेवर करतं. त्यात सगळा भार टायरच्या एकाच तळव्यावर. महिनाभर उभी राहिलेली गाडी पहिले दोन-तीन किलोमीटर धप धप करत चालते ती त्या चपट्या झालेल्या भागामुळे. टायर गरम झाल्यावर बहुतेक वेळा हे जातं. सहा महिने उभी असेल तर जाईलच असं नाही.

तर खाली बसायचं. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवायचं, म्हणजे पुढच्या चाकाची नक्षी आणि आतली बाजूही उजेडात येते. मोबाइलचा टॉर्च पुरतो. तीन ठिकाणी पाहायचं: नक्षीच्या खाचांच्या तळाशी, नक्षी संपून साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, सुरू होते त्या खांद्यावर, आणि रिमला टेकते त्या काठाशी. केसासारख्या बारीक रेषा म्हणजे वय दिसू लागलं, दर दोन महिन्यांनी नजर ठेवा. नखाचं टोक अडकेल असा तडा असेल तर तो टायर हायवेवर न्यायचा नाही.

मग तारीख. साइडवॉलवर एका लंबगोल चौकटीत चार आकडे उठवलेले असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ०९१७ असेल तर २०१७ सालचा नववा आठवडा, म्हणजे फेब्रुवारीअखेर किंवा मार्चची सुरुवात. ही चौकट बऱ्याच टायरांवर एकाच बाजूला असते, आणि ती नेमकी आत गेलेली असते. गाडीखाली डोकं घालण्यापेक्षा पंक्चरवाला चाक काढेल तेव्हा वाचून आरसीच्या पाकिटात लिहून ठेवावी. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी निवृत्ती, असा टायर कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला असतो. माझं मत त्याहून कडक आहे. माळव्याच्या उन्हात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला सातव्या वर्षी नवे टायर घालावेत, निदान त्या गाडीने घाट उतरायचा असेल तर.

टायर काळेभोर दिसावेत म्हणून चोपडतात त्या तेलकट पॉलिशचा इथे काही उपयोग नाही. खनिज तेलाचं असेल तर ते रबराचं नुकसानच करतं, आणि वर तडे झाकतं. धुवायला पाणी आणि साधा शाम्पू पुरेसा.

झिजण्याचा हिशेब त्या मानाने सोपा. नव्या टायरची नक्षी साधारण साडेसात ते आठ मिलिमीटर खोल असते. मुख्य खाचांच्या तळाशी थोड्या थोड्या अंतरावर १.६ मिलिमीटर उंचीचे आडवे उंचवटे असतात, आणि ते कुठे आहेत हे दाखवायला खांद्यावर एक छोटा त्रिकोण किंवा इंग्रजी अक्षरं असतात. नक्षी झिजून उंचवट्याच्या पातळीला आली की टायर कायद्यानेही बाद. परदेशातल्या व्हिडिओंत नाणं खाचेत घालून मोजतात. अमेरिकेत सेंटच्या नाण्यावरच्या लिंकनचं डोकं पूर्ण दिसलं की टायर संपला. तेच पाहून आपल्याकडे कोणी रुपया घालतो, पण आपल्या रुपयावर असं कुठलंच माप नाही. खोली मोजायची छोटी पट्टी शे-दोनशे रुपयांत मिळते, ती घ्यावी. मोजताना खाचेच्या मध्ये, आतल्या काठाला आणि बाहेरच्या काठाला असं तीनदा मोजायचं. सर्वांत कमी आकडा धरायचा, सरासरी नाही.

मात्र १.६ ही कायद्याची तळरेषा आहे. खाचांचं काम रस्ता पकडणं हे नाहीच, कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत रबरही उत्तम पकडतं. खाचा असतात त्या पाणी बाहेर फेकायला. तीन मिलिमीटरच्या खाली आल्यावर ओल्या रस्त्यावरचं ब्रेकचं अंतर झपाट्याने वाढू लागतं, आणि बायपासवर साचलेल्या पाण्यात वेगाने शिरलेली गाडी रस्ता सोडून पाण्यावर तरंगू शकते. त्या क्षणी स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. म्हणून जूनच्या सुरुवातीला मोजायचं. तीनच्या आसपास असेल तर टायर पावसाआधी बदलायचे. दिवाळीच्या ऑफरची वाट पाहायची म्हणजे तोवर अख्खा पावसाळा त्यांच्यावरच काढायचा.

आता हवा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण टायरचं निम्मं आयुष्य इथेच ठरतं आणि सगळ्यांत जास्त गैरसमजही इथेच आहेत.

पंपावर गाडी थांबते. पोरगा नळी ओढत येतो आणि विचारतो, "भिया, कितनी?" आपण गडबडतो. तोच म्हणतो, "पैंतीस कर दूँ?" आपण मान हलवतो. चारही चाकांत पस्तीस पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). गाडी कुठली, माणसं किती, टायर थंड की गरम, कशाचा काही पत्ता नाही. उत्तर गाडीवरच लिहिलेलं असतं, ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर चिकटवलेल्या पट्टीवर. तिथे बहुधा दोन ओळी असतात. एक दोन-तीन माणसांसाठी, दुसरी भरल्या गाडीसाठी. भरल्या गाडीला मागच्या चाकांचा आकडा कधी चार-पाचने, कधी त्याहूनही जास्तने वाढलेला असतो. साइडवॉलवर छापलेला ४४ किंवा ५१ चा आकडा तो टायर सोसू शकेल असा कमाल दाब आहे. गाडीसाठी सांगितलेला दाब तो नव्हे.

हे आकडे थंड टायरचे असतात. थंड म्हणजे किमान तीन तास उभी असलेली, किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर सावकाश चाललेली गाडी. माळव्याच्या रात्रींची थंडाई शब-ए-मालवा म्हणून गाजलेली आहे. टायरवाल्याच्या दृष्टीने तिचा फायदा एवढाच, की सकाळी सहा-सातला हवा मोजली तर आकडा खरा निघतो.

पण पंप तीन किलोमीटरवर असतो, तिथे जाईपर्यंत टायर तापतो. त्यावर युक्ती आहे. चार-पाचशे रुपयांचा डिजिटल गेज घरी ठेवा. सकाळी पोर्चमध्ये मोजा. समजा हवी ३३ आणि आहे २८, म्हणजे तूट पाचची. पंपावर पोचल्यावर तोच टायर ३० दाखवेल. तिथे ३३ करायची नाही, ३० अधिक ५, म्हणजे ३५ करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ३३ च्या जवळ आलेली असेल. पंपाचं मशीन दोन-तीन पॉइंट इकडे-तिकडे दाखवत असेल, तर तेही घरच्या गेजमुळे कळतं.

तापमानाचा हिशेब असा की दर १० अंशांमागे साधारण दीड पीएसआय. मे महिन्यात ४० अंशांत ३३ भरलेला टायर जानेवारीच्या पहाटे १० अंशांत साडेअठ्ठावीसवर येतो, कणभर हवा न गळता. गळते ती वेगळी, महिन्याला एक-दोन पीएसआय रबरातून आणि व्हॉल्व्हमधून जातेच. तीन महिने उभ्या गाडीत पाच पीएसआय कमी असणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि रेडियल टायरमध्ये पाचची तूट डोळ्यांना दिसत नाही. लाथ मारून तर मुळीच कळत नाही.

आता तो लाडका गैरसमज: उन्हाळ्यात दोन-तीन पॉइंट कमी ठेवा, नाहीतर गरम होऊन फुटेल. हे अगदी उलटं आहे. १८५/६५ आर १५ मापाच्या टायरचा घेर १.९५ मीटर भरतो. ताशी १०० किलोमीटरला तो सेकंदाला चौदा वेळा फिरतो, म्हणजे साइडवॉलचा प्रत्येक भाग सेकंदाला चौदा वेळा वाकतो आणि सरळ होतो. लोखंडी तार पुनःपुन्हा वाकवली की हाताला गरम लागते, तसंच हे. हवा कमी असली की वाकणं वाढतं, वाकणं वाढलं की उष्णता वाढते, आणि उष्णतेने रबर व आतले पोलादी पट्टे यांची पकड सुटू लागते. शेवटी नक्षीचा पट्टाच्या पट्टा सोलून निघतो, नाहीतर साइडवॉल फाटते. चालत्या गाडीत दाब तीन-चार-पाचने वाढणं हे टायर बनवणाऱ्याने हिशेबात धरलेलंच असतं. म्हणून धुळ्याजवळच्या ढाब्यावर गरम टायर मोजून ३८ दिसले की हवा काढू नये. काढली, तर टायर थंड झाल्यावर ती कमी भरते.

इंदूरपासून तासाभरावर पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा अंडाकृती ट्रॅक आहे. २९ जून २०२१ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांनी त्याचं उद्घाटन केलं. तिथे गाड्या न थांबता प्रचंड वेगाने पळवता येतात, मोजमापाखाली. आपल्या पोर्चमधल्या गाडीची तशी परीक्षा वर्षातून एकदाच होते, एबी रोडवर, म्हणजे आग्रा-मुंबई रस्त्यावर, आणि कुठल्याही मोजमापाशिवाय: मानपूरचा घाट, खलघाट, सेंधवा, बिजासन, धुळे. दुपारचा डांबरी रस्ता हात ठेवता येणार नाही इतका तापलेला. आत पाच माणसं, म्हणजे सव्वातीनशे किलो. डिकीत बॅगा, आणि नातेवाइकांसाठी शेव-नमकीनचे डबे, कारण ते नेल्याशिवाय इंदूरचा माणूस पुण्याच्या दारात उभा राहत नाही. टायरवर माप लिहिलेलं असतं तिथेच पुढे ८२, ८४, ८८ असा एक आकडा असतो, तो भार सोसण्याचा. ८२ म्हणजे एका चाकाला ४७५ किलो, ८८ म्हणजे ५६०. पण हे किलो टायरमध्ये पुरेशी हवा असेल तरच. वर्षभर दोन माणसांसाठी भरलेली हवा, तीही तीन महिन्यांपूर्वीची, घेऊन निघालेली भरली गाडी म्हणजे नऊ वर्षांच्या टायरकडून तरुणाचं काम करून घेणं.

नायट्रोजनचं विचाराल तर साध्या हवेतच तो ७८ टक्के आहे. ओलावा नसल्याने आणि थोडा कमी गळत असल्याने किंचित फायदा आहे, पण पैसे मोजून भरलेला नायट्रोजन तीन महिने न मोजता सोडण्यापेक्षा फुकटची हवा महिन्यातून दोनदा मोजलेली कधीही बरी. नायट्रोजनवर साधी हवा भरली तर काही बिघडत नाही.

टायर कसा झिजलाय यावरून मागचं सगळं वाचता येतं. दोन्ही खांदे झिजले आणि मध्य उभा, तर हवा कमी होती. मध्य झिजला तर जास्त. एकच बाजू झिजली तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा, बिघडलेली. तळहात नक्षीवरून आडवा फिरवला आणि एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर टो, म्हणजे वरून पाहताना चाकांच्या पुढच्या टोकांचा आत-बाहेर कल, बिघडलाय. खळगे खळगे पडले असतील तर शॉकअॅब्सॉर्बर पाहा. नुसत्या टायरवर खर्च केलात तर नवे टायरही तसेच होतील.

दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करायची. पुढच्या चाकांना ओढ असणाऱ्या गाडीत, म्हणजे आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत, पुढची दोन्ही सरळ मागे जातात आणि मागची पुढे येताना बाजू बदलतात. साइडवॉलवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलायची नाही. त्याच वेळी अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग. अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही कागद मागून घ्या. "कॅम्बर भी आउट है" असं सांगून वेगळे पैसे घेणारे भेटतात. कॅम्बर म्हणजे समोरून पाहताना चाकाचा आत-बाहेर कल. बऱ्याच छोट्या गाड्यांत कॅम्बर बदलायची कारखान्याची सोयच नसते, तिथे एक जॅकसारखं अवजार लावून स्ट्रट, म्हणजे चाकाला धरणारा शॉकअॅब्सॉर्बरचा खांब, चक्क वाकवतात. असं करू देऊ नये. कॅम्बर खरंच बिघडला असेल तर काहीतरी वाकलंय, तो भाग बदलायला हवा. ऐंशी-शंभरच्या वेगात स्टिअरिंग थरथरणं हा बॅलन्सिंगचा प्रश्न, रिमवर पाच-दहा ग्रॅमची वजनं लावून सुटतो.

काँक्रीटच्या कॉलनी रस्त्यांचे काठ आणि वर आलेले चेंबर हे इंदूरचं खास दुखणं. रस्ता झाडून कितीही लख्ख असला तरी धार ती धारच. चाक काठावर आपटलं की साइडवॉलमधले धागे तुटतात आणि दोन-चार दिवसांनी तिथे लिंबाएवढा फुगा येतो. फुग्याला दुरुस्ती नाही, टायर बदलायचा. याउलट साइडवॉलवर आत गेलेली बारीक उभी रेषा दिसली तर घाबरू नका, धाग्यांचे थर जोडलेली ती जागा असते.

पंक्चर फक्त नक्षीच्या मधल्या भागातलं आणि सहा मिलिमीटरपर्यंतच्या भोकाचंच दुरुस्त करावं. बाहेरून पट्टी खुपसणं वाटेतल्या सोयीपुरतं ठीक. घरी आल्यावर टायर उतरवून आतून मशरूम, म्हणजे छत्रीच्या आकाराचं रबरी ठिगळ, बसवून घ्यावा. उतरवला की आतही बघा. काळी रबराची भुकटी आणि साइडवॉलच्या आतून घासल्याचा पट्टा दिसला तर तो टायर हवा नसताना चाललेला आहे. पंक्चर कितीही छान निघालं तरी तो टाकायचा. "ट्यूब डाल देता हूँ, टेन्शन खत्म" या सल्ल्याला बळी पडू नका. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी १९३० च्या दशकात बनलेल्या ड्यूसेनबर्ग या अमेरिकी गाडीच्या काळात टायरात ट्यूब असणं हाच नियम होता. आजच्या ट्यूबलेस टायरात ती घातली की आत घर्षण होतं, उष्णता वाढते आणि खिळा लागला तर हवा हळूहळू न जाता एकदम जाते.

चारही टायर एकदम बदलणं उत्तम, पण खिसा दोनचाच असेल तर नवे दोन मागे बसवायचे. दुकानदार हमखास पुढे लावतो, कारण पुढचे लवकर झिजतात हे खरं आहे. पण ओल्या वळणावर पुढची चाकं घसरली तर गाडी थोडी बाहेर जाते, पाय काढला की बहुधा सावरते. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि ती सावरणं चांगल्या चांगल्यांना जमत नाही. त्यामुळे भरवशाचं रबर मागे, आणि पुढे आलेले जुने निदान तीन मिलिमीटरचे. नवे घेताना चार आकडे वाचून, गेल्या वर्षभरात बनलेलेच घ्या. रबरी व्हॉल्व्ह प्रत्येक टायरबरोबर नवीन, तो काही महाग नसतो. नट एकाआड एक, चांदणीच्या आकृतीत आवळून घ्यायचे, छोट्या गाडीत साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आसपास. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. एअर गनने कचकचून आवळलेला नट वाटेत काकांच्या पान्याने सुटत नाही. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळून बघा. नव्या रबरावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा थर असतो, म्हणून पहिले शे-दोनशे किलोमीटर पावसात बेताने.

काढलेले जुने टायर "सेकंडहँड" म्हणून कुठेतरी विकले जातात. असे टायर घेऊ नयेत. झिजलेल्या टायरला गरम सुरीने पुन्हा खाचा पाडून विकतात. तळाचे उंचवटे गायब असतील किंवा खाचेत तारा डोकावत असतील तर ओळखा.

आणि स्टेपनी. वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून पडलेलं हे नाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आपल्याकडे आहे, आणि स्टेपनीकडे दुर्लक्ष करायची सवयही बहुधा तेव्हापासूनचीच. तिचंही वय मोजायचं असतं. हवा भरताना तिच्यात भरल्या गाडीच्या मागच्या चाकाइतकी ठेवायची, म्हणजे कुठेही लावता येते. बारीक, पातळ स्टेपनी असेल तर तिच्यावर ६० पीएसआय लिहिलेलं असतं आणि वेग ८० च्या आत ठेवायचा असतो. हे सगळं निघायच्या आदल्या संध्याकाळी, डिकी रिकामी असताना बघायचं. कारण ती असते सगळ्यांत खाली, आणि पंक्चर सेंधव्याच्या पुढे झालं तर आधी बॅगा, मग शेवेचे डबे, परतीच्या वाटेवर असाल तर हापूसच्या पेट्या, असं सगळं रस्त्याच्या कडेला मांडल्यावर तिचं तोंड दिसतं.

परत आल्यावर पेट्या उतरवल्या, की दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या चाकांतली जादा हवा काढून पट्टीवरच्या पहिल्या ओळीला आणायची. मग दर पंधरा दिवसांनी निदान वीस-पंचवीस मिनिटं सुपर कॉरिडॉरपर्यंत चक्कर मारायची, आणि गाडी पोर्चमध्ये परत लावताना चाकं गेल्या वेळेपेक्षा थोडी पुढे-मागे थांबवायची.